नागपूरच्या रस्त्यावर मसल कारचं सस्पेन्शन बदलताना: काय मिळतं आणि काय जातं

मस्टँग दारात आली की पहिले काही दिवस माणूस आवाजातच गुंग असतो. मग हळूहळू डोळे उघडतात. चाकाच्या वर मूठ जाईल एवढी गॅप दिसते, जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळणावर पावणेदोन टनाच्या आसपासचं धूड बाहेरच्या बाजूला कलतं, आणि मग रात्री झोप सोडून लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉकअप-स्प्रिंगचा एकत्र संच), जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) असं सगळं कार्टमध्ये टाकणं सुरू होतं. हा लेख कार्ट भरल्यानंतर आणि पैसे भरायच्या आधी वाचायचा आहे.

नागपुरात मसल कार म्हटलं की बहुतेक वेळा २०१६ पासून फोर्डने इथे अधिकृत विकलेली ५ लिटर व्ही८ मस्टँग जीटीच असते, आणि आता ती सेकंडहँडच मिळते, म्हणजे मुंबई-पुणे-दिल्लीच्या आधीच्या मालकाने खाली काय काय घातलंय ते बऱ्याचदा तुम्हाला ठाऊकच नसतं. त्यामुळे आकडे-उदाहरणं त्याच गाडीची देतो. कोणाकडे जुनी इम्पोर्टेड गाडी असेल किंवा कॉन्टेसा असेल तर मागच्या सॉलिड ॲक्सलचा (दोन्ही मागची चाकं एकाच अखंड दांड्यावर) भाग वेगळा लिहिलाय, बाकी फिजिक्स सगळ्यांना सारखंच.

अजून एक, आपल्याकडे रेस ट्रॅक नाही. ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइम्बतूर, सगळं लांब. म्हणजे ही गाडी ९९ टक्के वेळ सिव्हिल लाइन्स, वर्धा रोड, रिंग रोड, आणि सुट्टीच्या दिवशी समृद्धीवरच चालणार. परदेशातली मंडळी व्हिडिओत जे पार्ट सुचवून राहिली ती त्यांच्या गुळगुळीत रस्त्याला आणि महिन्यातल्या ट्रॅक डेला धरून सुचवतात. तेच पार्ट जसेच्या तसे उचलले की आगीतून फुफाट्यात.

सगळ्यात आधी: ट्रॅव्हल म्हणजे काय ते डोक्यात बसवा

चाक वर-खाली जायला जी जागा असते तिला ट्रॅव्हल म्हणतात. गाडी उभी असताना चाक अजून वर किती जाऊ शकतं ते बम्प ट्रॅव्हल. ही तुमची बँकेतली शिल्लक आहे, प्रत्येक पार्ट एक तर ती खर्च करतो नाही तर वाचवतो, आणि खड्डा तुमच्याकडून रोख मागतो, उधार चालत नाही.

आता हिशोब बघा. समजा पुढे ८० मिमी बम्प ट्रॅव्हल आहे आणि तुम्ही गाडी ३० मिमी खाली आणली, उरले ५०. खड्ड्याचा तोच दणका ८० ऐवजी ५० मिमीत पचवायचा तर स्प्रिंग किती कडक लागेल? स्प्रिंगमधली ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या पटीत जाते, म्हणजे ८० भागिले ५० चा वर्ग, जवळजवळ २.५६ पट. आणि बाजारातली लोअरिंग स्प्रिंग किती कडक असते? साधारण १० ते ३० टक्के. मधला फरक कोण भरून काढतं, तर बम्प स्टॉप, तो फोमचा किंवा रबराचा ठोकळा. लोअर केलेली गाडी "कडक झाली" असं लोक म्हणतात ना, त्यातलं अर्धं कडकपण स्प्रिंगचं नसतंच, गाडी सारखी बम्प स्टॉपवर बसून राहते त्याचं असतं.

एवढं समजलं की कॅटलॉगमधल्या अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

पायरी १: तक्रार लिहून काढा, पार्ट नंतर

एक ठराविक चक्कर आखा आणि नेहमी तीच मारा. त्यात सिमेंट रोडचा एक लांब पट्टा हवा, मोहल्ल्यातले दोन-तीन बेकायदेशीर स्पीडब्रेकर हवेत, एक फ्लायओव्हर ज्याचे जॉइंट खटखट वाजतात तो हवा, आणि शहराबाहेरचा डांबरी रस्ता हवा जो काळ्या मातीवर बांधलाय. आपल्या विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून चांगला दिसतो पण लाटांसारखा असतो. कार ८०-९० वर असताना ह्या लाटा शॉकअपची खरी परीक्षा घेतात, खड्ड्यापेक्षा जास्त.

चक्कर मारताना फोनवर रेकॉर्ड करत बोलत जा, "इथे मागचा भाग दोनदा हलला", "इथे पुढून टक्क आवाज", "स्टेअरिंग हातातून ओढलं". मग घरी येऊन ऐका. "हँडलिंग सुधारायचंय" ही तक्रार नाही, तिला कुठलाच पार्ट उत्तर देऊ शकत नाही.

पायरी २: जे आहे ते धड आहे का ते बघा

इथेच अर्धे पैसे वाचतात. नागपूरच्या मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, नवतपात तर रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, आणि त्या गरमीत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी असेल तर रबर आधी जातं, लोखंड नंतर. रॅम्पवर चढवा आणि हे बघा: लोअर आर्मच्या बुशला (सांध्यातल्या रबराला) भेगा आहेत का, शॉकअपच्या अंगावर तेलाची ओली चकाकी आहे का (नुसता धुळीचा थर चालतो, ओलं नको), बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलंय का, लिंक रॉड हाताने हलवल्यावर टकटक करतो का, आणि वरचा स्ट्रट माउंट (पुढचा शॉकअप-स्प्रिंगचा खांब, म्हणजे स्ट्रट, बॉडीला जिथे टेकतो तो). माउंटसाठी एक जण स्टेअरिंग फिरवेल, दुसरा बॉनेट उघडून माउंटवर हात ठेवेल, कुरकुर किंवा उडी जाणवली की बेअरिंग गेलं.

टायरवरची शेवटची चार आकड्यांची खूण वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, इतका जुना दगड झालेला टायर घालून वर महागाचे शॉकअप टाकणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

स्टॉक पण नवे बुश, नवे टायर आणि व्यवस्थित अलाइनमेंट एवढं केल्यावर बरेच लोक कार्ट रिकामं करतात, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी ३: मोजा

गाडी सपाट जागी, टाकी अर्धी, टायरमध्ये सकाळी थंड असताना भरलेली हवा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घेऊन लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप खोटं ठरतं.

मग केबल टाय. शॉकअपचं डस्ट बूट वर सरकवा, चकचकीत दांड्याला एक बारीक प्लास्टिकची केबल टाय बेताची आवळा, हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत, आणि खाली बॉडीला टेकवून ठेवा. आता ती ठराविक चक्कर मारून या. दांडा आत गेला की टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते, म्हणजे सगळ्यात मोठ्या दणक्याला किती ट्रॅव्हल वापरला गेला ते तुमच्यासमोर मिलिमीटरमध्ये. टाय बम्प स्टॉपला भिडून चपटी झालेली असेल तर स्टॉक उंचीवरच तुमची शिल्लक संपतेय, गाडी खाली करायचा विचार तिथेच सोडा. काही मोनोट्यूब स्ट्रट उलटे बसवलेले असतात, त्यात दांडा आत लपलेला असतो आणि हे जमत नाही, बाकी बहुतेक ठिकाणी जमतं. दहा रुपयाचं साधन आहे पण कोणीच करत नाही, काहून माहीत नाही.

पायरी ४: शॉकअप

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. स्प्रिंग गाडी धरून ठेवते, पण ती कशी हलेल, किती वेळ हलेल हे शॉकअप ठरवतो. काळ्या मातीच्या लाटांवर मागचा भाग तरंगतो ही तक्रार स्प्रिंगने जात नाही, शॉकअपने जाते.

ट्विन ट्यूब स्वस्त असतो, बारीक खडबडीवर सहसा मऊ वागतो, पण सलग काम पडलं की आतलं तेल गरम होऊन फेसाळतं. मोनोट्यूबमध्ये गॅस वेगळ्या कप्प्यात दाबाखाली असतो, उष्णता भिंतीतून थेट बाहेर जाते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तो जास्त वेळ एकसारखा राहतो. पण त्याच भिंतीला आतून पिस्टन घासतो, म्हणजे दगड लागून पोचा पडला की शॉकअप गेला. ट्विन ट्यूबला बाहेर पोचा पडला तरी तो बऱ्याचदा चालतो. कच्च्या वाटेने फार्महाऊसवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ॲडजस्टेबल घ्यायचा का? घ्या, पण नॉब काय फिरवतो ते विचारून घ्या. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकअपसारख्यात फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे स्प्रिंग परत ताणताना किती रोखायचं तेवढंच. आणि इथे लोक हमखास फसतात, रिबाउंड पूर्ण कडक केला की पार्किंगमध्ये गाडी दाबून बघताना एकदम रेसकार वाटते, पण सलग खड्ड्यांवर काय होतं, एका खड्ड्याने दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते, शेवटी बम्प स्टॉपवर. चांगल्या रस्त्यावर मस्त आणि मोहल्ल्यातल्या पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात अशी तक्रार आली तर आधी रिबाउंड दोन पायऱ्या मऊ करून बघा.

उंची कमी करायची असेल तर शॉकअप पण त्याच उंचीसाठी बनवलेला हवा. बिलस्टाइनमध्ये बी६ स्टॉक उंचीसाठी आणि बी८ लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, असा सरळ फरक आहे. स्टॉक लांबीच्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग चढवली की पिस्टन कायम खालच्या भागात काम करतो आणि लवकर मरतो.

अजून एक व्यवहाराची गोष्ट, सील गेलं तर रिबिल्ड कुठे होणार? नागपुरातून शॉकअप काढून बाहेरगावी किंवा परदेशी पाठवायचा म्हणजे गाडी आठवडेच्या आठवडे जॅकवर. म्हणून रोजच्या गाडीला "रिबिल्डेबल" ह्या शब्दाचं फार आकर्षण ठेवू नका, बदलून मिळणारा सरळ शॉकअप बरा.

पायरी ५: स्प्रिंग आणि उंची, म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ

दिसायला खाली बसलेली मस्टँग देखणी असते, वाद नाही. पण किंमत बघून घ्या.

स्प्रिंग ३० टक्के कडक केली की गाडीच्या उड्यांची फ्रिक्वेन्सी साधारण १४ टक्के वाढते (वर्गमूळाचा हिशोब आहे), आणि जुन्याच शॉकअपचा तिच्यावरचा ताबा साधारण १२ टक्के कमी होतो. १४ टक्के ऐकायला काही नाही. पण रस्त्याच्या आरामशीर गाडीची फ्रिक्वेन्सी सेकंदाला १ ते १.५ च्या दरम्यान असते, २ च्या पुढे गेली की दणके अंगात बसतात. सिमेंट रोडवर साधारण साडेचार मीटरवर जॉइंट येतो, ताशी २५ किमीला तुम्ही सेकंदाला दीड जॉइंट ओलांडता, म्हणजे ट्रॅफिकच्या नेमक्या त्या वेगात जॉइंटचा ठेका आणि कडक स्प्रिंगचा ठेका जुळतो आणि गाडी नंदीबैलासारखी मान डोलावत चालते. शॉकअप चांगला असेल तर हे दबतं, नसेल तर बायको पुढच्या वेळी घरची दुसरी गाडी काढायला लावते.

पुढे-मागे दोन्हीकडची स्प्रिंग एकाच सेटमधली घ्या. मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा थोडी जास्त असावी हे मॉरिस ओली ह्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं होतं. अडथळा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची उशिरा सुरू होतात पण जोरात हलून गाठतात, आणि गाडी डुलायच्या ऐवजी सपाट वर-खाली होऊन थांबते. एका कंपनीची पुढची आणि दुसरीची मागची असं जुळवलं की हे गणित मोडतं.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच, गोलसर हवा. मस्टँगचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.७२ मीटर. गाडी त्यावर मधोमध असताना चारही चाकं उतारावर असतात, त्यामुळे पोटाखालची जागा साधारण ५४ मिमीनेच कमी होते. स्टॉक गाडीचा क्लिअरन्स १३५ ते १४० मिमी, म्हणजे ८० च्या वर उरतात. गाडी ३० मिमी खाली केली, दोन माणसं मागे बसवली, तरी अजून हळूच निघते. पण असा ब्रेकर आपल्या गल्लीत कुठे हाये? आपल्याकडे घरासमोर मालकाने स्वतः ओतलेला, एक मीटर रुंद आणि १५० मिमी उंच असा असतो. त्यावर चारही चाकं जमिनीवर येतात आणि पूर्ण १५० मिमी पोटाखाली उभे राहतात. सरळ गेलात तर स्टॉक गाडी पण घासते, तिरकी घ्यावी लागते, एक-एक चाक चढवत. ३० मिमी खाली केल्यावर तिरकी पण पुरत नाही. सिमेंट रोड झाल्यापासून रस्त्याची पातळी घरांपेक्षा वर गेलीय, त्यामुळे गेटमधून बाहेर निघताना पुढचं बंपर कुठे टेकतं ते आधी पुठ्ठ्याचा तुकडा बंपरखाली चिकटवून तपासा. ३० मिमी खाली येणारी गाडी असेल तर बंपरच्या खाली ३० मिमी लोंबेल असा पुठ्ठा. तो चुरगळला की उत्तर मिळालं.

आणि हे कोणी सांगत नाही: पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी खाली आणली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर जातो, त्यामुळे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. परिणाम असा की गुरुत्वमध्य खाली आला तरी कलण्याची प्रवृत्ती वाढू शकते, म्हणजे तुम्ही कडक स्प्रिंगने जे मिळवलं त्यातलं थोडं भूमितीने परत घेतलं. शिवाय टाय रॉडचा कोन बदलतो आणि बम्प स्टिअर येतो, खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं, स्टेअरिंग न हलवता गाडी बाजूला उडी मारते. हे सुधारायला लांब पिनचे बॉल जॉइंट आणि बम्प स्टिअर किट मिळतात, म्हणजे अजून पैसे, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

माझं मत विचाराल तर नागपूरसाठी १५ ते २० मिमी हद्द. त्यापेक्षा खाली फोटोसाठी करा, पण मग गाडी फुटाळा तलावावर नुसती उभी करायची आहे असं स्वतःशी कबूल करून करा.

पायरी ६: स्वे बार

वळणावर कलणं हीच तक्रार असेल आणि आराम घालवायचा नसेल तर स्प्रिंगच्या आधी स्वे बार बघा. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार काही करत नाही, एकच चाक गेलं की पिळला जातो. म्हणून सरळ रस्त्याच्या लाटांवर फरक कळत नाही, पण एका बाजूच्या खड्ड्यात डोकं खिडकीकडे फेकलं जातं.

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ च्या जागी २५ मिमी घातला, फक्त ३ मिमी, तरी जवळजवळ ६७ टक्के वाढ. म्हणून "थोडासाच जाड" असं काही नसतं. पुढचा जाड केला की गाडी नाकाने बाहेर सरकते, मागचा जाड केला की शेपूट सुटायला लागते, आणि ५०० च्या वर न्यूटन मीटर टॉर्क मागच्या चाकांना जात असताना पहिल्या पावसात ते कुठे होईल सांगता येत नाही. मागचा बार भोकांचा, ॲडजस्ट होणारा घ्या आणि मऊ भोकावरून सुरुवात करा. लिंक रॉड पण मजबूत घ्या, जाड बार स्टॉक लिंक लवकर खातो.

पायरी ७: बुश, आणि मागचा धडधडाट

जुन्या रबराच्या जागी पॉलीयुरेथेन घातलं की स्टेअरिंग एकदम नेमकं होतं, हे खरं. त्याची किंमत आवाज. रबरी बुश आत-बाहेर चिकटवलेला असतो आणि स्वतः पिळून काम करतो. पॉली चिकटवलेला नसतो, तो घासत फिरतो, म्हणून ग्रीस लागते. तीही सिलिकॉनची जाड ग्रीस, चाकाच्या बेअरिंगची काळी ग्रीस नको. पावसाळ्यात चिखल आत गेला की दिवाळीपर्यंत गाडी प्रत्येक ब्रेकरवर कोंबड्यासारखी आरवते.

मस्टँगच्या ह्या पिढीत मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि ते अख्खं एका सबफ्रेमवर बसवलेलं आहे, ती बॉडीला चार मोठ्या रबरी बुशने टांगलेली. जोरात पिकअप घेतला की रबर पिळतं, सुटतं, परत पिळतं, आणि मागची चाकं धडधड उड्या मारतात, त्याला व्हील हॉप म्हणतात. ॲक्सल शाफ्ट तुटण्याचं हे एक मोठं कारण. उपाय दोन प्रकारचे: रबर तसंच ठेवून त्याच्या मोकळ्या जागेत भरायचे इन्सर्ट आणि ब्रेस, किंवा अख्खे बुश काढून ॲल्युमिनियम. पहिल्यात थोडा आवाज वाढतो आणि हॉप बराचसा जातो. दुसऱ्यात हॉप पूर्ण जातो आणि डिफरन्शियलचं रडणं थेट तुमच्या सीटखाली येतं, समृद्धीवर १२० च्या मर्यादेत तासन्तास. रस्त्याच्या गाडीला पहिला पर्याय, ह्यात मला शंका नाही.

स्फेरिकल जॉइंट, म्हणजे धातूत धातू फिरणारे, ते धूळ आणि पाण्यात काही महिन्यांत खिळखिळे होतात. सोडून द्या.

जुन्या गाड्यांसाठी, मागे सॉलिड ॲक्सल असेल तर

पहिल्या पिढीच्या मस्टँगला किंवा कॅमेरोला मागे पाटे असतात. पिकअपला ॲक्सल स्वतःभोवती पिळला जातो आणि पाटे इंग्रजी एस सारखे वाकतात. इथे जास्त पाटे टाकून ट्रक करण्यापेक्षा ट्रॅक्शन बार आणि चांगला शॉकअप बरा. गाडी खाली केली की पिनियनचा कोन (प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला मिळतो तिथला) बदलतो, प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट कापायला लागतात आणि ७०-८० वर थरथर येते, मग लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

१९६४ च्या जीटीओसारख्या जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्यांत मागे चार आर्म आणि कॉइल आहेत, वरचे दोन तिरके. एक चाक वर गेलं की ते आर्म पिळले जायलाच हवेत. तिथे चारही टोकांना पॉली घातलं की सस्पेन्शन अडकतं, अख्खा ॲक्सल एक भला मोठा स्वे बार होतो आणि वळणावर मागची पकड अचानक सुटते. वरच्या आर्मला रबरच ठेवा.

पहिल्या पिढीच्या मस्टँगवाल्यांसाठी एक जवळजवळ फुकटची सुधारणा आहे: पुढच्या वरच्या आर्मचे बोल्ट एक इंच खाली नवीन भोकं पाडून बसवायचे. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये हेच केलं होतं. कलताना बाहेरचं चाक रस्त्यावर जास्त सपाट बसतं. पण भोकं टेम्प्लेट लावूनच पाडा, अंदाजपंचे नको. आणि ह्या गाड्यांना सबफ्रेम कनेक्टर (पुढची आणि मागची फ्रेम जोडणाऱ्या पट्ट्या) आधी वेल्ड करून घ्या, बॉडीच पिळत असेल तर सस्पेन्शन कशाला धरून काम करणार.

नव्या मस्टँगला इंजिनवरचा स्ट्रट ब्रेस, म्हणजे दोन्ही स्ट्रटची डोकी जोडणारा दांडा? दिसतो छान, एवढंच.

कॉइलओव्हर घ्यावा का

उंची हाताने बदलता येते, चारही कोपऱ्यांचं वजन जुळवता येतं, हा फायदा ट्रॅकवाल्याचा. आपल्याकडे एकदा उंची ठरली की कोणी बदलत नाही, आणि पावसाळे झाले की थ्रेडमध्ये चिखल-गंज बसून रिंग जाम. स्वस्त कॉइलओव्हर तर अजिबात नको, त्यापेक्षा चांगला शॉकअप आणि जुळणारी स्प्रिंग त्याच पैशात येते. घेतलाच तर उंची खालच्या ब्रॅकेटने बदलणारा घ्या, स्प्रिंगची रिंग खाली आणून उंची कमी होणाऱ्यात बम्प ट्रॅव्हल जातो, पहिल्यात तो टिकतो. थ्रेडला सुरुवातीलाच ॲन्टी-सीझ लावून वर कापडी मोजा चढवा.

पायरी ८: फिटिंगच्या दिवशी

गॅरेजमध्ये उभे रहा, चहा पाजा, पण ह्या गोष्टी होताना डोळ्यांनी बघा.

स्ट्रटची स्प्रिंग काढताना धड कंप्रेसर हवा, दोन तारांचा जुगाड नको, ती सुटली तर माणूस जातो. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर.

रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. नुसते टेकवायचे, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर खाली बसवायची, दोनदा दाबून सोडायची आणि मग टॉर्क रेंचने पक्कं. लोंबत्या आर्मवर आवळलं की गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो, उंची पण वर राहते आणि वर्षभरात रबर फाटतं. नागपुरात ह्या एका चुकीने जेवढे बुश मेले असतील तेवढे खड्ड्यांनी मेले नसतील. मिस्त्री म्हणेल "काही होत नाही साहेब", तुम्ही तरी खाली बसवूनच घ्या.

मॅन्युअलमध्ये जे बोल्ट एकदाच वापरायचे सांगितलेत ते नवे घ्या. बुश हातोडीने ठोकू नका, हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस असलेलं कुठलंही वर्कशॉप हे काम करून देतं. आणि एका दिवशी एकच बदल. शॉकअप, बार आणि बुश एकदम घातले तर आवाज कुठून येतोय ते शोधताना परत सगळं उघडाल.

पायरी ९: अलाइनमेंट

उंची बदलली की टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलतो, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती तिरकं) बदलतो. लगेच एकदा आणि स्प्रिंग बसल्यावर साधारण ५०० किमीने परत एकदा. रस्त्यासाठी पुढे उणे १ ते उणे १.५ डिग्री कॅम्बर पुरे, टो जवळजवळ शून्य किंवा अगदी किंचित आत. फक्त स्क्रीनवर हिरवा रंग आला म्हणून निघू नका, प्रिंट घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे. पुढे कॅम्बर बसत नसेल तर कॅम्बर बोल्ट किंवा प्लेट लागतात. प्लेटमधलं बेअरिंग धुळीने टकटकतं, म्हणून मी बोल्टच सांगतो.

टायर आतल्या बाजूने घासतो आणि तो बाहेरून दिसत नाही, हे सगळ्यात धोक्याचं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकाच्या आतल्या काठावरून तळहात फिरवा. बाहेरची नक्षी भरलेली आणि आतला काठ गुळगुळीत, कधी कधी तारेचं टोक बोटाला टोचतं. असा टायर घेऊन मे महिन्यात शिवमडक्याहून समृद्धीला लागू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या पार्टच्या जागी त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉकअप किंवा बुश ही एक गोष्ट, आणि दोन इंच खाली आणलेली गाडी ही दुसरी. इन्शुरन्सवाल्याला आधी लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतोच.

पायरी १०: महिनाभराने

सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा, केबल टाय परत लावा, तीच चक्कर, आणि पहिल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. टाय आता बम्प स्टॉपला भिडून राहिली असेल तर आधी उंची ५-१० मिमी वर घ्या किंवा स्प्रिंग बदला, शॉकअपचा नॉब फिरवून ते झाकू नका.

काढलेले स्टॉक पार्ट भंगारात देऊ नका. पुसून, कुठल्या कोपऱ्यातला कोणता ते मार्करने लिहून, पोत्यात बांधून घरात सावलीला ठेवा, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नको, तिथे उन्हाळ्यात रबर शिजतं. आरटीओत काही निघालं, इन्शुरन्सची अडचण आली, किंवा गाडी विकायची वेळ आली तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, ओरिजिनल सस्पेन्शन आहे का.